नोलीन टॅटनेलचा कलता ओव्हन

नोलीन टॅटनेलनं घर विकलं आणि ती बोटीवर राहायला गेली, तेव्हा स्कली बेमधल्या निम्म्या लोकांना वाटलं, नवरा गेला आणि बाईचं डोकं फिरलं. उरलेल्या निम्म्यांना तिचं डोकं पहिल्यापासून ठाऊक होतं, त्यामुळे त्यांना काहीच वाटलं नाही.

"घरापुढचं गवत कापायचा कंटाळा आला," असं ती विचारणाऱ्याला सांगायची. हे साफ खोटं होतं. क्लॅरी गेल्यावर त्या घरात कुणी दारं आपटत नव्हतं, कुणी चष्मा कुठे ठेवला म्हणून ओरडत नव्हतं, आणि ती शांतता तिला खायला उठायची. बोटीवर निदान दोरखंड कुरकुरायचे, लाटा फळ्यांवर चापट्या मारायच्या, सीगल छपरावर येऊन घाण करायचे आणि त्यांना मनसोक्त शिव्या देता यायच्या. एकतीस वर्षं सफरचंदं बांधायच्या शेडमध्ये काढलेली बाई ती. हात आणि तोंड एकाच वेगानं चालवायची सवय. शेडमध्ये तिच्याइतक्या झटपट कागदात सफरचंद गुंडाळणारी दुसरी बाई नव्हती, आणि तिच्याइतकी भांडणंही दुसऱ्या कुणी केली नव्हती.

बोटीचं नाव वॉटलबर्ड. बासष्ट साली बांधलेली, अडतीस फुटी, लाकडी, पोट सुटलेली म्हातारी मोटरबोट. क्लॅरीनं ती आयुष्यभर रविवारी मासे धरायला वापरली आणि सोमवार ते शनिवार दुरुस्त केली. तीन पायऱ्या उतरलं की उजव्या हाताला गॅली, म्हणजे स्वयंपाकाची जागा. एक बेसिन, दोन बर्नरची शेगडी, आणि एकाच माणसाला वळता येईल एवढी मोकळीक, तीही त्या माणसानं जेवणाच्या आधी वळायचं ठरवलं तर. समोर डाव्या अंगाला एक लांब बाक. त्यावर गादी. बस, एवढाच संसार. नोलीनला तो पुरत होता.

पुरत नव्हता फक्त एका गोष्टीला. फ्रूटकेकला.

स्कली बेचा शो, म्हणजे शेतकी जत्रा, दर नोव्हेंबरात भरते. बैल येतात, मेंढ्या येतात, लाकूडतोडे कुऱ्हाडी घेऊन येतात, पण गावातल्या बायकांचं सारं लक्ष पत्र्याच्या मंडपातल्या त्या एका लांब टेबलाकडे असतं. तिथला फ्रूटकेक म्हणजे गंमत नव्हे. सगळ्यांना एकच पाककृती, वीस सेंटिमीटरचा चौरस, कडा काटकोनात, माथा सपाट. जाळीवर गार करून तळाला तारांचे वण उमटले तर केक बाद. त्यामुळे जाणत्या बायका केक टॉवेलवर पालथा घालून गार करतात. नोलीननं त्यात नऊ वेळा पहिला नंबर काढला होता. ग्वेंडा फ्रायरनं सात वेळा. बाकीच्या बायका तिसऱ्या नंबरासाठी भांडायच्या.

ग्वेंडा ही नोलीनच्या वर्गातली. चांगली सहा फूट उंच, त्याला शोभेल अशी रुंद, तारुण्यात दोन्ही काखांत सफरचंदांची एकेक पेटी घेऊन चालायची. आता ती शोच्या समितीवर होती. समितीच्या कामाला निघाली की ती शाळूसोबतिणीलाही अहो-जाहो करायची.

बोटीवर गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षी नोलीननं केक नणंदेच्या घरी भाजला आणि टेबलावर नेऊन ठेवला. ग्वेंडा चष्मा लावून आली.

"मिसेस टॅटनेल, हा केक तुम्ही कुठे भाजलात?"

नोलीन बऱ्याच बाबतीत खोटं बोलू शकायची, पण केकच्या बाबतीत तिची जीभ रेटायची नाही. "नणंदेकडे," ती म्हणाली.

"नियम चौदा," ग्वेंडानं पुस्तक उघडलं. "केक स्पर्धकाच्या स्वतःच्या घरच्या ओव्हनमध्ये, कोणाच्याही मदतीशिवाय भाजलेला असावा."

"माझ्या घरी ओव्हन नाही."

"तेच म्हणतेय मी. ओव्हन नाही म्हणजे स्वयंपाकघर नाही. आणि स्वयंपाकघर नाही त्याला घर कसं म्हणायचं?"

केक टेबलाखाली गेला. पुढच्या वर्षी नोलीन शोकडे फिरकलीच नाही. बाकावरच्या गादीवर पडून तिनं पाण्यावरून येणारा लाऊडस्पीकर ऐकला: कुऱ्हाडींचा निकाल, मेंढ्यांचा निकाल, आणि शेवटी, फ्रूटकेकमध्ये प्रथम क्रमांक, ग्वेंडा फ्रायर. तिला बक्षीस नको होतं असं म्हणता येणार नाही. पण त्याहून जास्त झोंबलं होतं ते दुसरंच. आपण जिथे राहतो ते घर नाही, हे चारचौघांत कुणीतरी पुस्तक उघडून सांगावं, हे तिच्या जिव्हारी लागलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ॲथॉल डिरीनच्या वखारीत जाऊन उभी राहिली.

"मला बोटीत ओव्हन पाहिजे."

ॲथॉल म्हणजे गावातला शेवटचा बोटी बांधणारा सुतार. वय शहात्तर, अंगावर मांस नावाला नाही, कानामागे पेन्सिल. ती पेन्सिल लिहायला कमी आणि बोलताना हवेत फिरवायला जास्त लागायची. त्याला चूक कबूल करताना कुणी पाहिलं नव्हतं. तो आला, गॅलीत उकिडवा बसला आणि बराच वेळ नुसता बघत राहिला.

"बसेल," तो म्हणाला.

"मोजल्याशिवाय?"

"मोजायला टेप लागतो तो घरवाल्यांना. बोटीत एक कोपरा काटकोनात नसतो. टेप इथं आणलास तर रडायला लागेल."

त्यानं एक काठी आणली आणि तिच्यावर खुणा केल्या. मग फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापून ओव्हनच्या मापाचा एक खोटा ओव्हन बनवला. हौस म्हणून त्यावर पेन्सिलीनं बटणंही काढली. तो पुठ्ठ्याचा ओव्हन दारातून जाईना, तेव्हा सुकाणूच्या खोलीची पुढची खिडकी काढून तिथून आत घेऊन बघितला. नोलीननं तो एका हातानं अलगद आत ओढून घेतला. धक्क्यावरून हे बघणाऱ्यांनी दोन दिवस गावभर तिच्या ताकदीचीच चर्चा केली.

खरा ओव्हन आला तेव्हा मात्र तिघांचा घाम निघाला. जुलैमध्ये बोट किनाऱ्यावर ओढून घेतली होती. सहा आठवडे ॲथॉल आत ठोकत होता, तासत होता आणि दिवसाला अकरा कप चहा पीत होता. त्यानं ओव्हन बसवला तो पाणसळीच्या बुडबुड्यावर नव्हे, बोटीच्या अंगावरच्या पाण्याच्या रेघेला धरून. कारण किनाऱ्यावर ओढलेली बोट कधीच सरळ उभी नसते आणि तिथं पाणसळीवर भरवसा ठेवणारा सुतार मूर्ख. हे त्यानं नोलीनला रोज एकदा ऐकवलं. ओव्हनभोवती त्यानं गुळगुळीत पिवळ्या लाकडाचं कपाट बांधलं, खाली भक्कम पाया केला. होबार्टहून गॅसवाला आला, त्यानं नळी जोडली, चारदा हुंगली आणि पितळी शिक्का ठोकला.

"आता या नळीला कुणी हात लावला तर शिक्का रद्द," तो म्हणाला. "काही लागलं तर मी डिसेंबरात येतोच आहे."

सप्टेंबरात बोट पाण्यात उतरली. नोलीननं पहिला केक भाजला. ओव्हनमधून काढला आणि बघतच राहिली. केकची एक बाजू दुसरीपेक्षा दोन बोटं उंच. त्यावर गोटी ठेवली असती तर गडगडत गेली असती.

"ॲथॉल!"

ॲथॉल आला. त्यानं केक डोळ्यांसमोर धरला, एक डोळा मिटला आणि निकाल दिला. "केक सरळ आहे. बोट कललीय. उजवीकडे."

"कधीपासून?"

"ओव्हन बसवल्यापासून."

"आणि ओव्हन कुणी बसवला?"

"मी बसवलाय, रेघेला धरून, केसाइतकाही फरक न ठेवता..."

"तुझी आरती आपण नंतर ओवाळू. बोट का कललीय ते सांग."

ॲथॉलनं पेन्सिल हवेत फिरवली, पण मधेच ती थांबली. त्यानं गुडघे टेकून फळ्यांवर बोटानं टकटक केलं.

"नोल, पूर्वी इथं एक लोखंडी शेगडी होती ना? लाकडावर चालणारी?"

"होती. क्लॅरीनं काढून टाकली. उन्हाळ्यात जीव जायचा."

"ती निघाल्यावर बोट डावीकडे कलू नये म्हणून त्यानं खाली काही ठेवलं होतं?"

"शिशाच्या लाद्या. आठ. मीच उचलून देत होते." नोलीनचे डोळे बारीक झाले. "या फळ्यांना एक झाकण होतं. त्याच्याखाली."

पेन्सिल हळूच ओव्हनच्या कपाटाकडे वळली.

"तुला ते झाकण दिसलं नाही?"

"दिसलं."

"मग?"

"वाटलं, छान सपाट जागा आहे," ॲथॉल म्हणाला. त्याच्या आयुष्यातली ती पहिली कबुली असावी.

म्हणजे शेगडीच्या वजनाचं शिसं खाली आणि त्याच्याच डोक्यावर ओव्हन. शिसं काढायचं तर कपाट काढा, कपाट काढायचं तर ओव्हन काढा, ओव्हन काढायचा तर गॅसची नळी सोडा, आणि नळी सोडली की शिक्का रद्द. गॅसवाला डिसेंबरात. शो नोव्हेंबरात. नोलीननं ॲथॉलला जे काही सुनावलं ते धक्क्याच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. तिथल्या एका माणसानं गळ गुंडाळला आणि तो घरी गेला.

आधी त्यांनी केकच्या डब्याखाली पाचर लावून पाहिली. केक सपाट झाला, पण कलत्या ओव्हनमधली धग एकाच अंगाला चढली आणि एका कडेचा कोळसा झाला. शेवटी ॲथॉलनं पाण्याचे वीस-वीस लिटरचे डबे आणले आणि समोरच्या डाव्या बाकावर एकेक करून मांडले. पाचवा डबा ठेवला तशी ओव्हनवरच्या पाणसळीतला बुडबुडा मधोमध येऊन थांबला. त्या दिवशीचा केक असा झाला की नोलीननं त्याचा एक तुकडा कापून ॲथॉलला दिला. तिच्या लेखी ही माफीच होती.

आणि मग समितीचं पत्र आलं. मिसेस टॅटनेल यांनी बोटीवरचा ओव्हन स्वतःच्या घरचा म्हणून कळवला आहे. त्याची शहानिशा करण्यासाठी समिती सदस्य बुधवारी सकाळी दहा वाजता येतील आणि केक ओव्हनमध्ये जाण्यापासून बाहेर येईपर्यंत जातीनं हजर राहतील. सही, ग्वेंडा फ्रायर.

"केक भाजायला साडेचार तास लागतात!" नोलीन म्हणाली. "कुठे बसवू तिला? बसायला एकच बाक आणि त्यावर तुझं हे तळं मांडलेलं. डबे बघितले की विचारणार, हे काय? मग सांगू, आमचं घर वाकडं आहे? मिळालंच मग प्रमाणपत्र."

ॲथॉल विचारात पडला. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू एक हसू पसरलं. असलं हसू नोलीननं त्याच्या तोंडावर शाळेतल्या मास्तरांच्या खुर्चीला डांबर लागलं होतं तेव्हा पाहिलं होतं.

"नोल, पन्नास वर्षं मी लोकांना बोटीत चढताना बघतोय. माणसानं पाय ठेवला आणि बोट किती खाली गेली, त्यावरून मी त्याचं वजन सांगतो. ग्वेंडा फ्रायर म्हणजे पाच डबे."

"ॲथॉल!"

"पाच. वर एखादा पेला."

"म्हणजे तिलाच..."

"बाकाच्या पार टोकाला. भिंतीला टेकून. पाठीशी उशी दे. आणि हे बघ, चहा अजिबात द्यायचा नाही. चहा दिलास की ती उठणार, आणि ती उठली की केक बसला."

नोलीननं आधी हे पाप आहे म्हणून सांगितलं. मग उशीला नवा अभ्रा घातला.

बुधवारी दहाच्या ठोक्याला ग्वेंडा आली. धक्क्यावरून तिनं पाऊल ठेवलं ते बरोबर बोटीच्या मधल्या रेघेवर, जन्म बोटीत गेल्यासारखं. क्षणभर थांबली. गॅली बघितली, ओव्हनचं दार उघडून बंद केलं, पितळी शिक्क्याचा नंबर वहीत लिहून घेतला. ओव्हनवर पाणसळ होती, पण तिच्यावर नोलीननं एक टॉवेल असा टाकला होता की फक्त बुडबुडा दिसावा, तोही तिला आणि ॲथॉललाच.

"मिस्टर डिरीन इथे कशासाठी आहेत?"

"बिजागऱ्या बघतोय," ॲथॉल म्हणाला आणि साडेचार तास तो त्याच दोन बिजागऱ्या बघत राहिला.

"बसा ना, मिसेस फ्रायर. तिथे, टोकाला. उशी आहे."

ग्वेंडा बसली. बुडबुडा सरकत सरकत आला आणि मध्यापाशी थबकला. अगदी थोडा कमी. ॲथॉलनं मुकाट्यानं स्वतःचा हातोडा तिच्या शेजारी बाकावर ठेवला. बुडबुडा मधोमध. नोलीननं केक आत सरकवला आणि देवाचं नाव घेतलं, जे ती सहसा वेगळ्याच संदर्भात घ्यायची.

पहिला तास बरा गेला. ग्वेंडा वही चाळत होती. एकदोनदा तिनं आपण होऊन आणखी भिंतीकडे सरकून घेतलं. "इथे बरं वाटतंय," ती म्हणाली. नोलीनला वाटलं, आज आपलं नशीब जोरावर आहे.

"एक कप चहा मिळेल का?" ग्वेंडानं विचारलं.

नोलीनचा हात सवयीनं किटलीकडे गेला. ॲथॉलला जोराचा खोकला आला.

"चहा संपलाय," नोलीन म्हणाली.

"चहा संपलाय? तुझ्याकडे?" ग्वेंडा अहो-जाहो विसरली. "अगं, तुझ्या आईच्या मयताला चहा संपला नव्हता!"

"बिस्किटं आहेत."

बिस्किटं आठवड्याची होती, कोरडीठाक. ग्वेंडानं तीन खाल्ली. मग तिनं पाणी मागितलं. नोलीननं उकडलेलं अंडं ठेवायच्या छोट्या कपात घोटभर पाणी दिलं. ग्वेंडानं कपाकडे बघितलं, नोलीनकडे बघितलं आणि पाणी पिऊन टाकलं. नोलीनला तिची खरोखर दया आली. बाई खोडसाळही नव्हती तशी. नियम पाळायची, एवढाच तिचा गुन्हा.

दोन तास झाले. आत केक नुकता फुगून धरायला लागला असेल. हीच त्याची नाजूक वेळ. आणि नेमकी तेव्हाच ग्वेंडा उठली.

"पाय अवघडले माझे. जरा वर जाऊन हवा खाऊन येते."

"खिडकी उघडते ना मी!" नोलीन म्हणाली. पण ग्वेंडा पायऱ्या चढूनही गेली होती. वर तिच्या पावलांचा आवाज झाला, आणि तो डावीकडे न जाता सरळ उजव्या कठड्यापाशी जाऊन थांबला. बोट उजवीकडे झुकली. शेगडीशेजारचा चमचा घरंगळत खाली पडला. नोलीन आणि ॲथॉल एकदमच डाव्या बाकाकडे धावले, आदळले आणि भिंतीला पाठ लावून खांद्याला खांदा भिडवून बसले.

"तू किती डबे?" ॲथॉलनं दबक्या आवाजात विचारलं.

"तोंड सांभाळ."

"माझे जेमतेम तीन. त्यात तिचं वजन आता उलट्या बाजूला. नुसतं बसून भागायचं नाही, नोल, पोटात श्वास भरून घे."

बुडबुडा भलतीकडे जाऊन बसला होता. ॲथॉलनं मान वर करून हाक मारली, "ग्वेन! हवा डाव्या बाजूलाही येते गं!"

"इकडून देखावा छान दिसतो!" वरून उत्तर आलं.

उजव्या बाजूला मासळीच्या शेडची मागची भिंत होती आणि भिंतीवर एक गंजका नळ. ग्वेंडा तो नळ पंधरा मिनिटं बघत उभी राहिली. खाली ती दोघं श्वास धरून भिंतीला चिकटून बसली होती. मग ती खाली आली, "बरं वाटलं," म्हणाली आणि बाकाच्या टोकाला जाऊन बसली ती शेवटपर्यंत हलली नाही.

अडीच वाजता केक बाहेर आला. नोलीननं तो टॉवेलवर पालथा घातला. तिला तो सरळ दिसला. ॲथॉलनं एक डोळा मिटून बघितलं आणि तो पुन्हा बिजागऱ्यांकडे वळला. ग्वेंडानं फॉर्म काढला. ओव्हन स्पर्धकाच्या घरचा आहे काय? होय. केक भाजताना स्पर्धकाला कोणाची मदत झाली काय? इथे तिचं पेन थांबलं.

नोलीनला राहवेना. ही बाई साडेचार तास तहानलेली बसली, आणि आता आपल्यामुळे खोटं लिहिणार. "ग्वेन, ऐक, एक सांगायचंय," ती बोलून गेली. ॲथॉलनं तिच्या पायावर बूट ठेवला आणि दाबला.

"नाही," ग्वेंडानं लिहिलं. सही केली. "मिसेस टॅटनेल, समितीच्या मते हे घर आहे. तुमचा केक घेऊन या."

ती गेल्यावर नोलीन बाकावर बसली आणि रडली. ॲथॉल तिला रडू देऊन बिजागऱ्या बघत राहिला. मग त्यानं किटली ठेवली.

शोच्या दिवशी मंडपात परीक्षक म्हणून लाँसेस्टनहून कुणी बाई आल्या होत्या. त्या मोजपट्टीनं कडा मोजत होत्या आणि केक कापून कान लावल्यासारख्या जवळ नेऊन बघत होत्या. दुपारी टेबलावर चिठ्ठ्या लागल्या. नोलीन गर्दीतून कोपरं मारत पुढे गेली. तिच्या केकपुढे लिहिलं होतं: नोलीन टॅटनेल, वॉटलबर्ड, तिसरा धक्का, स्कली बे. छापील अक्षरांत. ती ते दोनदा वाचून गेली, आणि मगच तिचं लक्ष खालच्या ओळीकडे गेलं. द्वितीय क्रमांक. चव उत्कृष्ट, पोत उत्कृष्ट, माथ्याची एक बाजू किंचित चढलेली. अर्धा गुण वजा.

शेजारच्या केकवर निळी फीत होती. ग्वेंडा फ्रायर. अर्ध्या गुणानं पुढे.

ग्वेंडा टेबलापलीकडे हाताची घडी घालून उभी होती. नोलीन तिच्याकडे बघत राहिली. तो नळ, तो देखावा, ते बाकावर आपण होऊन भिंतीकडे सरकणं, सगळं तिच्या डोक्यात एकेक करून जागेवर बसत गेलं.

"तुला माहीत होतं."

"माझा बाप चाळीस वर्षं शिंपल्यांच्या होडीवर होता, नोलीन. पाय ठेवल्या ठेवल्या कळलं मला, बोट उजवीकडे लोळतेय. आणि पाणसळीवर टॉवेल कोण पांघरतं गं? तिला काय थंडी वाजत होती?"

"मग तेव्हाच का नाही बोललीस? का बसलीस तिथं?"

ग्वेंडानं फितीचा कोपरा उगाचच सारखा केला. "मागल्या वर्षी पहिली आले. घरी जाऊन फीत फ्रिजवर लावली आणि दुसऱ्या दिवशी काढून ठेवली. तू टेबलावर नसताना जिंकायचं म्हणजे एकटीनंच पत्ते खेळायचे. मी नियम वाचला तेव्हा मला वाटलं होतं, तू भांडशील. तू भांडली नाहीस, घरी जाऊन बसलीस. फार वाईट वाटलं मला."

नोलीननं आपल्या चिठ्ठीवरचा पत्ता पुन्हा एकदा वाचला.

"एवढं वाईट वाटलं, तर मग पंधरा मिनिटं शेडचा नळ बघायला का गेलीस?"

"तुला शोमध्ये आणायला साडेचार तास बसले, नोलीन. चहाशिवाय," ग्वेंडा म्हणाली. "पहिली आणायला बसते, असं मी कधी म्हणाले होते?"